टर्बो डिझेल ट्रक ओढत नाही आणि लाइट पेटली आहे: टर्बोला हात लावण्याआधीची तपासणी, क्रमाने

ट्रक लोडवर ओढत नाही. डॅशबोर्डवर पिवळी लाइट. स्कॅनर लावला, ‘बूस्ट कमी’ असा कोड आला, टर्बो बदलला. आठवड्याभरात तीच लाइट आणि तोच कोड पुन्हा हजर. हे वारंवार घडतं, कारण कोड वाचण्यातच चूक होते. ‘बूस्ट कमी’चा अर्थ एवढाच, की मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या भागात) कंट्रोल युनिटला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) हवा तेवढा दाब तयार झाला नाही. टर्बो बिघडलाय असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं.

टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, आणि तो फिरतो एक्झॉस्टच्या उष्णतेवर आणि जोरावर. डिझेल कमी पडलं तर एक्झॉस्टमध्ये जोर राहत नाही, म्हणून बूस्ट कमी. एक्झॉस्टची पुढची वाट तुंबली तर टर्बाइन नीट फिरत नाही, तरी बूस्ट कमी. होज फाटला तर दाबलेली हवा वाटेतच निघून जाते, तिथेही बूस्ट कमी. तिन्ही बिघाडांना एकच कोड येऊ शकतो. म्हणून सगळी तपासणी एका प्रश्नाभोवती ठेवायची: कंट्रोल युनिटने मागितलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या आकड्यांत सगळ्यात आधी कोण मागे पडलं?

पुढचे टप्पे कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणाऱ्या), इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या टर्बो डिझेलसाठी आहेत, मग तो पिकअप असो की अवजड ट्रक. क्रम बदलू नका. पुढच्या टप्प्याचा अर्थ आधीच्या टप्प्यात जे सापडतं त्यावरूनच लागतो.

सुरुवात करण्याआधी: हाताशी काय हवं

फक्त कोड दाखवणारा स्वस्त रीडर इथे कामाचा नाही. चालू आकडे दाखवणारा आणि ते रेकॉर्ड करणारा स्कॅनर हवा. हलक्या गाड्यांना १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, बऱ्याच अवजड ट्रकना गोल ९ पिनांचं. स्कॅनरसोबत योग्य केबल आहे का ते आधीच बघा.

शिवाय मल्टिमीटर, हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप, टॉर्च, छोटा आरसा, साबणाचं पाणी, पारदर्शक डिझेल पाइपचा तुकडा, आणि दाब कमी-जास्त करता येईल असा रेग्युलेटर लावलेली हवेची लाइन. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर फारच उत्तम. या लेखातले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये वेगळा असेल तर मॅन्युअलचाच खरा धरा.

बॅटरी सगळ्यात आधी मोजा. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना साधारण १२.५ आणि चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये चालू इंजिनवर साधारण २७.५ ते २८.५. व्होल्टेज पडलेलं असेल तर सेन्सर वाटेल ते आकडे देतात आणि तुमचा अख्खा दिवस खोट्या कोडच्या मागे जातो.

१. लाइटचा रंग आणि वागणूक नीट बघा

‘लाइट लागली’ एवढं पुरत नाही. कोणती, कोणत्या रंगाची, स्थिर की लुकलुकणारी, आणि नेमकी केव्हा लागली?

ऑइल प्रेशरची किंवा तापमानाची लाल लाइट असेल तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. त्या अवस्थेत ही तपासणी करायचीच नाही. आधी ऑइलची पातळी, ऑइलचा दाब आणि कूलंट. टर्बोच्या शाफ्टचे फेरे मिनिटाला लाखाच्या आसपास जातात आणि बेअरिंगला आधार असतो तो फक्त ऑइलच्या थराचा. ऑइल प्रेशर नसताना काही मिनिटं चालवली तरी चांगला टर्बो हातचा जातो.

पिवळी चेक इंजिन लाइट असेल तर गाडी जपून हलवता येते. तिच्यासोबत डीपीएफची, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, किंवा डीईएफची, म्हणजे युरिया द्रावणाची, लाइट असेल तर ते वेगळं लिहून ठेवा. उत्सर्जनाच्या यंत्रणेत बिघाड आढळला की बऱ्याच गाड्या मुद्दाम ताकद किंवा वेग कमी करतात. तिथे इंजिन धडधाकट असतं, त्याला फक्त मोकळं सोडलेलं नसतं.

२. चालवणाऱ्याला विचारायचे प्रश्न

गाडी चालवणारा माणूस समोर असताना सरळ बॉनेट उघडणं ही पहिली घाई. त्याला हे विचारा:

- ताकद एकदम गेली की हळूहळू कमी होत गेली? एकदम गेली तर सुटलेला होज, अडकलेला अ‍ॅक्चुएटर (टर्बोचं नियंत्रण हलवणारा भाग), वायरिंग. हळूहळू गेली तर फिल्टर, काजळी, झिजलेले इंजेक्टर.
- चावी बंद-चालू केल्यावर गाडी पुन्हा नीट पळते का? पळत असेल तर ती लिम्प मोडमध्ये (इंजिन वाचवायला ताकद आपोआप कमी करणाऱ्या अवस्थेत) जाते आहे. चढावर किंवा ओव्हरटेकच्या वेळीच हे होत असेल तर व्हेरिएबल टर्बोच्या (एक्झॉस्टची वाट कमी-जास्त करणाऱ्या हलत्या) पात्या अडकण्याचा संशय बराच पक्का.
- शिट्टीचा किंवा हवा सुटल्याचा आवाज वाढलाय का?
- धूर? काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. पांढरा म्हणजे न जळालेलं डिझेल किंवा कूलंट. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. धूर अजिबात नाही आणि गाडी नुसती मंद, तर डिझेलच कमी मिळत असण्याची शक्यता जास्त.
- बिघाडाच्या आधी काय काम झालं होतं? फिल्टर बदलला, क्लच उतरवला, इंजिन धुतलं, टाकी पार रिकामी होऊन गाडी बंद पडली? याचं उत्तर अर्धं निदान करून जातं.

सावधान: डीपीएफ असलेल्या गाडीत धुरावर विसंबू नका. काळा धूर फिल्टरमध्येच अडकतो, टेलपाइप स्वच्छ दिसतो, आणि त्याच वेळी आत फिल्टर भरत असतो.

३. खरंच इंजिनच कमी पडतंय का?

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे आणि बहुतेक जण तो गाळतात.

लोडवर इंजिनचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच सरकतोय. सपाट रस्त्यावर गिअर काढून सोडल्यावर गाडी नेहमीपेक्षा लवकर थांबते, तर ब्रेक धरून ठेवताहेत; थोडं चालवून चाकांच्या हबचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा, एखादं बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर तिकडे वळा. स्पीड लिमिटरची सेटिंग बदललेली नाही ना, हेही बघा. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल फूटमॅटला अडून पूर्ण खाली जात नाही, असंही आढळतं.

४. कोड काढा, पण उडवू नका

स्कॅनर लावला की बोट ‘क्लिअर’कडे जातं. थांबा. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: बिघाड नोंदला त्या क्षणी इंजिनचे फेरे, लोड, वेग, तापमान आणि दाब किती होते. कोड उडवला की ती बऱ्याचदा गेलीच. आधी सगळ्या पानांचे फोटो काढा: चालू कोड, पेंडिंग कोड (नोंदलेले, पण अजून लाइट न पेटवलेले), फ्रीझ फ्रेम.

ताकद कमी असताना वारंवार दिसणारे कोड:

- पी०२९९: बूस्ट मागणीपेक्षा कमी
- पी०२३४: बूस्ट मर्यादेपेक्षा जास्त
- पी००८७: रेलमधला डिझेलचा दाब कमी
- पी०१०१: हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा न पटणारा
- पी०४०१: ईजीआरचा (एक्झॉस्टचा काही गॅस परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा) प्रवाह अपुरा
- पी२४६३: डीपीएफमध्ये काजळी जास्त साठली

अवजड ट्रकमध्ये हेच एसपीएन आणि एफएमआय अशा जोडीने येतं. एसपीएन म्हणजे कुठला आकडा, एफएमआय म्हणजे त्यात काय बिघडलं. १०२ हा इनटेक मॅनिफोल्डचा दाब, १५७ रेलचा दाब, ३२५१ डीपीएफच्या दोन टोकांतला दाबाचा फरक. एफएमआय ३ किंवा ४ म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज मर्यादेबाहेर जास्त किंवा कमी, म्हणजे आधी वायरिंग आणि सेन्सर. १८ म्हणजे सेन्सर शाबूत आहे, पण मोजलेली गोष्टच कमी आहे. एसपीएन १०२ला एफएमआय ४ असताना होज तपासत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

एकदम पाच-सहा वेगवेगळ्या सेन्सरचे कोड आले तर सहाही सेन्सर एकदम मेलेले नसतात. त्यांची सामायिक ५ व्होल्टची लाइन किंवा अर्थिंगची वायर तपासा. एकच सेन्सर आतून शॉर्ट झाला तर सगळी लाइन खाली खेचतो. असे सेन्सर एकेक करून कनेक्टरमधून काढत गेलं की एकाच्या वेळी ५ व्होल्ट परत येतात. चोर तोच.

खात्री: कोडची यादी, फ्रीझ फ्रेम आणि तेव्हाचे फेरे व लोड कागदावर आहेत? नसतील तर पुढे जाऊ नका.

५. इंजिन बंद, इग्निशन ऑन: सेन्सर खरं बोलतात का?

हे सकाळी, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर करा. सेल्फ मारायचा नाही, फक्त चावी ऑन.

मॅनिफोल्डचा दाब आणि वातावरणाचा दाब हे दोन्ही आकडे जवळपास सारखे दिसले पाहिजेत, फार तर ३-४ किलोपास्कलचा फरक. समुद्रसपाटीला हा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो आणि सुरुवातीला दर १०० मीटर उंचीला साधारण १.२ने कमी होतो. इंजिन बंद असताना मॅनिफोल्ड १२० दाखवत असेल तर तो सेन्सर खोटं बोलतोय, आणि त्यावर उभं राहिलेलं पुढचं सगळं निदान चुकेल. बऱ्याचदा सेन्सरच्या तोंडावर काजळीचा थर असतो.

रेलचा दाब शून्याजवळ हवा. डीपीएफच्या दाबाचा फरक शून्य हवा. कूलंट, इनटेकची हवा आणि डिझेल यांची तापमानं एकमेकांच्या दोन-चार अंशांत हवीत. पेडल हळूहळू दाबा, आकडा न अडखळता वर गेला पाहिजे.

बूस्ट वाचताना एक गफलत नेहमी होते. स्कॅनर बहुधा निरपेक्ष दाब दाखवतो, म्हणजे त्यात वातावरणाचा दाब धरलेला असतो. १८० किलोपास्कल दिसले तर बूस्ट १.८ बार नाही, साधारण ०.८ बार आहे. घड्याळी गेज आणि स्कॅनर यांचे आकडे जुळत नाहीत म्हणून नवा सेन्सर आणणारे बहुतेक या वजाबाकीत अडकलेले असतात.

६. डोळ्यांनी आणि हातांनी

एअर फिल्टर काढून बघा, त्याच्या पुढची नळीही. आतला पापुद्रा सुटून नळी आतल्या आत बसलेली असते आणि बाहेरून काही कळत नाही.

मग टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक होज. वरून बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका. चीर बहुतेक खालच्या बाजूला, वळणावर किंवा क्लॅम्पच्या कडेला असते. आयडलवर ती बंद राहते, दाब चढला की उघडते. होज दोन्ही हातांनी पिळा आणि टॉर्च लावा. जिथून हवा सुटते तिथे ऑइलचा ओला काळा ओघळ असतो, त्यावर धूळ चिकटून जाडसर लेप झालेला असतो. होजच्या आत ऑइलचा हलका पातळ थर मात्र चालतो, तो ब्रीदरमधून (क्रँककेसमधला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येतो. त्यावरून ‘टर्बो ऑइल टाकतोय’ असा निकाल देऊ नका.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्या जोडावर काजळीचा पट्टा दिसतो का? तिथून गॅस निसटला की टर्बाइनला जोर मिळत नाही. शेवटी सेन्सरचे कनेक्टर, हिरवट गंजलेल्या पिना, ब्रॅकेटला घासून सोलवटलेली वायर आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. या नळ्या उष्णतेने कडक होऊन टोकाला तडकतात. टोकाचा सेंटिमीटरभर भाग कापून परत लावला की अनेकदा काम होतं.

सावधान: टर्बो आणि एक्झॉस्टजवळ गरम इंजिनवर हात घालू नका. फिरत्या बेल्टजवळ सैल बाह्या नकोत.

७. लोडवर रेकॉर्डिंग

अंगणात उभ्या गाडीला रेस देऊन बूस्ट बघणं निरर्थक आहे. लोड नसताना इंजिनला डिझेल फारसं लागतच नाही, म्हणून एक्झॉस्टमध्ये जोर नसतो आणि बूस्ट चढत नाही. उभ्या गाडीवर कमी दिसलेला बूस्ट काहीही सिद्ध करत नाही.

माल भरलेली गाडी आणि मोकळा चढ निवडा. चालवणारा एक, स्कॅनर बघणारा दुसरा. एकट्याने हे करू नका. इंजिन कामाच्या तापमानाला आल्यावर असा गिअर घ्या की साधारण १,४०० फेऱ्यांपासून वरच्या टोकापर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर खेचता येईल.

रेकॉर्ड करायचे आकडे: इंजिनचे फेरे, पेडल, मॅनिफोल्डचा दाब (मागणी आणि प्रत्यक्ष), रेलचा दाब (मागणी आणि प्रत्यक्ष), हवेचा प्रवाह, टर्बो अ‍ॅक्चुएटरची आज्ञा आणि स्थिती, डीपीएफच्या दाबाचा फरक. यापेक्षा जास्त घेऊ नका. यादी वाढली की स्कॅनर एकेक आकडा उशिरा टिपतो, आणि कोण आधी पडलं हेच कळेनासं होतं.

घरी येऊन आलेख शांतपणे बघा:

- रेलचा प्रत्यक्ष दाब आधी मागे पडला आणि बूस्ट नंतर उतरला: वाट डिझेलची. कोड ‘बूस्ट कमी’ असला तरीही.
- रेल बरोबर, हवेचा प्रवाह भरपूर, पण मॅनिफोल्डचा दाब कमी: मोजलेली हवा इंजिनपर्यंत पोचत नाही. गळती.
- रेल बरोबर, हवेचा प्रवाहही कमी आणि बूस्टही कमी: आत येणारी वाट अडलेली, एक्झॉस्ट तुंबलेला किंवा टर्बो खरंच दाब बनवत नाही.
- खालच्या फेऱ्यांवर बूस्ट नाही, वर गेल्यावर येतो: पात्या उघड्या अवस्थेत अडकल्या.
- बूस्ट मागणीच्या वर उसळला आणि मग ताकद एकदम तुटली: पात्या बंद अवस्थेत अडकल्या, किंवा वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) उघडत नाही.
- मागणीच कमी आहे आणि प्रत्यक्ष आकडा तिला बरोबर गाठतोय: इंजिनला कुणीतरी मुद्दाम रोखलंय.

हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त दुर्लक्षित. कंट्रोल युनिट बूस्ट मागतच नसेल तर टर्बो, होज, पंप सगळं नवं घातलं तरी फरक पडणार नाही. कूलंट किंवा इनटेकचं तापमान जास्त, पेडल सेन्सरचे दोन ट्रॅक एकमेकांशी न जुळणारे, डीपीएफ भरलेला किंवा डीईएफचा बिघाड, यांपैकी कारण शोधा. डीईएफमध्ये युरियाचं प्रमाण ३२.५ टक्के हवं; ते रिफ्रॅक्टोमीटरवर मिनिटभरात कळतं. टाकीत पाणी किंवा डिझेल मिसळलं असेल तर द्रावण पूर्ण काढून टाकावं लागतं, वरून ताजं ओतून भागत नाही.

८. रेकॉर्डिंग दाखवेल त्या वाटेने

वाट अ: हवेची गळती. टर्बोच्या तोंडाला घट्ट टोपण लावा, ब्रीदरची नळी बंद करा आणि रेग्युलेटरमधून हळूहळू हवा सोडा. ०.३ बारपासून सुरुवात करा; ०.७ बारला बहुतेक गळत्या सापडतात. जोडांवर, इंटरकूलरच्या टाक्यांच्या शिवणीवर आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर साबणाचं पाणी मारा. ब्रीदर बंद करायला विसरलात तर हवा क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील बाहेर ढकलू शकते.

सावधान: टोपणाच्या समोर कुणी उभं राहू नये. एवढ्या दाबानेही ते सुटून जोरात लागतं. कॉम्प्रेसरची लाइन रेग्युलेटरशिवाय थेट जोडू नका.

आत सोडलेली हवा झडपांमधून थोडी जाणारच, त्यामुळे दाब हळूहळू उतरला म्हणून घाबरू नका. बुडबुडे कुठे येतात तेच बघायचं.

वाट आ: डिझेल. पंपाकडे संशय नेण्याआधी स्वस्त गोष्टी संपवा. वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा. फिल्टर बदलून किती दिवस झाले याला अर्थ नाही. एका घाणेरड्या टाकीभर डिझेलने नवा फिल्टरही तुंबतो. फिल्टर काढला की त्यातलं डिझेल काचेच्या बरणीत ओता आणि थोडा वेळ ठेवा. तळाशी पाणी, काळा चिकट गाळ की चमकणारे धातूचे कण? धातूचे कण दिसले तर हाय प्रेशर पंप स्वतः झिजून यंत्रणाभर लोखंड पसरवतोय. मग नुसता फिल्टर बदलून गाडी सोडली तर इंजेक्टरही जातील.

फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये पारदर्शक पाइपचा तुकडा लावा आणि इंजिन चालवा. बुडबुड्यांची सलग रेघ दिसली तर लाइन हवा घेते आहे: सैल जोड, फिल्टरची दुमडलेली रिंग, प्रायमरचा झिजलेला व्हॉल्व्ह. डिझेल बाहेर गळत नाही म्हणून जोड ठीक आहे असं समजू नका. ओढीच्या बाजूला गळती आतल्या दिशेने होते. टाकीचं झाकण उघडून गाडी चालवल्यावर ताकद परत येते का तेही बघा. येत असेल तर टाकीचा ब्रीदर बंद आहे.

आयडलवर रेलचा दाब साधारण २५० ते ४०० बार असतो, पूर्ण लोडवर अनेक इंजिनांत १,६००च्या वर जातो. पुरवठा नीट असूनही लोडवर रेल पडत असेल तर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट: प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी वेगळ्या मापी बाटलीत सोडा, ठरावीक वेळ इंजिन चालवा आणि पातळ्या शेजारी-शेजारी ठेवून बघा. एखादी बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर दाब तिथून परत टाकीत जातोय.

सावधान: इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपचा नट कधीही सैल करू नका आणि गळती हाताने चाचपू नका. या दाबाची बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण ती शस्त्रक्रियेची तातडी असते. लगेच रुग्णालयात जा आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ असं सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

वाट इ: एक्झॉस्ट तुंबलेला. डीपीएफच्या दाबाचा फरक फेऱ्यांबरोबर भराभर वाढत असेल तर फिल्टर भरलाय, किंवा सेन्सरच्या दोन रबरी नळ्यांपैकी एक तडकलीय, वितळलीय. आधी नळ्या.

इथली नेहमीची चूक म्हणजे फोर्स्ड रिजनरेशन (स्कॅनरवरून हुकूम देऊन फिल्टरमधली काजळी जाळणं) करून गाडी सोडणं. फिल्टर विनाकारण भरत नाही. होजची गळती, उघडा अडकलेला ईजीआर, टपकणारा इंजेक्टर किंवा रोजच्या छोट्या फेऱ्या, हे कारण तसंच ठेवलं तर तो पुन्हा भरेल. ऑइलमधून येणारी राख तर जळतच नाही. तिच्यासाठी फिल्टर काढून साफ करावा लागतो.

सावधान: रिजनरेशनमध्ये फिल्टरचं तापमान ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. वाळलेल्या गवतावर, बंद शेडमध्ये किंवा ऑइल सांडलेल्या जागी ते करू नका. काजळीचा आकडा कंपनीच्या मर्यादेपलीकडे असेल तर करूच नका, आतली जाळी वितळते.

वाट ई: टर्बोचं नियंत्रण. व्हॅक्यूमवर चालणारा अ‍ॅक्चुएटर असेल तर नळी काढून हातपंप लावा. व्हॅक्यूम चढवला की रॉड सलग, न अडखळता पूर्ण खेचला गेला पाहिजे आणि पंप थांबवल्यावर तिथेच टिकला पाहिजे. सुई खाली आली तर डायफ्रॅम फाटलाय. सुई टिकली पण रॉड तीन चतुर्थांशावर थबकून मग झटक्याने पुढे गेला तर पात्यांवर काजळी आहे. परत येताना जास्त नीट बघा. अडखळणं बहुतेक परतीच्या वाटेवर दिसतं. हे सगळं ठीक असेल तर सोलेनॉइड आणि व्हॅक्यूम पंप तपासा.

इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्चुएटर असेल तर स्कॅनरवरून हलवा आणि आज्ञा व स्थिती यांतला फरक बघा. तो बदलल्यावर कॅलिब्रेशन करावं लागतं. ते न करता गाडी सोडली की नवा भागही ‘खराब’ निघतो. वेस्टगेटच्या रॉडवरचा नट फिरवून बूस्ट ‘वाढवण्याचा’ मोह आवरा. त्याने खरा बिघाड झाकला जातो आणि टर्बोचा वेग मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

९. आता टर्बो

इथपर्यंत काहीच सापडलं नसेल, किंवा रेकॉर्डिंगने सरळ टर्बोकडे बोट दाखवलं असेल, तरच इनटेकची नळी काढा. इंजिन थंड आणि बंद.

कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा बघा. तुटलेल्या, वाकलेल्या किंवा वाळूने घासल्यासारख्या गुळगुळीत झालेल्या कडा म्हणजे फिल्टरच्या बाजूने काहीतरी आत गेलंय. शाफ्ट बोटांनी फिरवा, मोकळा फिरला पाहिजे. बाजूला थोडा हलणं साध्या बेअरिंगमध्ये स्वाभाविक आहे, कारण ऑइलचा थर त्या वेळी नसतो. पण हलवल्यावर पाती घराला टेकत असतील, किंवा शाफ्ट पुढे-मागे हाताला जाणवेल इतका सरकत असेल, तर टर्बो गेला.

इंटरकूलरमध्ये ऑइल साचलेलं असेल तर इंजिनला रेस देऊ नका. ते ऑइल आत ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्यावरच पळत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. मॅन्युअल गिअरच्या गाडीत असं झालं तर ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडून इंजिन बंद पाडतात. समोर उभे असाल तर लांब जा. इनटेकच्या उघड्या तोंडावर हात कधीही ठेवू नका.

टर्बो बदलायचाच ठरला तर तो का मेला ते आधी शोधा. ऑइल फीडची नळी कार्बनने अरुंद झालेली असते, रिटर्नची नळी दबलेली असते किंवा क्रँककेसचा ब्रीदर तुंबलेला असतो. फीडची नळी नवीच घाला. इंटरकूलर आणि होजमधलं ऑइल व धातूचे तुकडे पूर्ण काढा, नाहीतर ते इंजिनमध्ये जातील. बसवताना टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल भरा, इंजिन सुरू न होऊ देता ऑइलचा दाब येईपर्यंत सेल्फ मारा, मग सुरू करून काही मिनिटं आयडलवर ठेवा.

१०. दुरुस्तीनंतर

आता कोड उडवा, आधी नाही. मग टप्पा ७ची फेरी तशीच पुन्हा: तोच चढ, तोच गिअर, तेवढाच लोड. जुनं आणि नवं रेकॉर्डिंग शेजारी ठेवा. लाइट विझली हा पुरावा नाही. काही कोड गाडी दोन-तीनदा चालवून दर वेळी बिघाड दिसल्यावरच लाइट पेटवतात. प्रत्यक्ष आकडा इंजिनच्या सगळ्या फेऱ्यांवर मागणीला चिकटून जातोय का, ते बघायचं.

फ्रीझ फ्रेममध्ये बिघाड विशिष्ट तापमानाला किंवा लोडला नोंदला असेल तर ती परिस्थिती मुद्दाम गाठा. रिकामी गाडी गावात फिरवून आणलेली चाचणी धरू नका. एक-दोन दिवसांच्या कामानंतर स्कॅनर पुन्हा लावा आणि फक्त पेंडिंग कोड बघा. तिथे तोच कोड दिसला तर लाइट अजून पेटलेली नसली तरी गाडी परत टप्पा ७वर आणा आणि या वेळी यादीतून रेल किंवा बूस्ट यांपैकी जे निर्दोष ठरलंय ते काढून त्या जागी इंधन पुरवठ्याचा दाब किंवा टर्बोच्या आधीचं एक्झॉस्ट तापमान घ्या, जे तुमची गाडी दाखवत असेल ते.